आधी दोन मिली घ्या, बाटलीचं नंतर बघू

सेंट-अत्तराची आवड नव्यानं लागलेल्या आमच्या सांगली-मिरजेच्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. या छंदात पैसे बुडतात ते बहुतेक वेळा घाईनं मोठी बाटली घेतल्यामुळे. लग्नसराईत रोज पाहतो. गिऱ्हाईक पाच-सहा वास घेतं, एक आवडतो, शंभर मिली घेऊन जातं आणि आठ दिवसांनी बाटली कपाटात पडते.

त्याचं कारण असं, की पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत नाकाला जे भावतं ते लिंबू-संत्र्यासारखं हलकं द्रव्य असतं आणि तेच सगळ्यात आधी उडतं. मग फुलं, मसाले वर येतात. लाकूड, राळ, कस्तुरीसारखे जड वास तासाभरानं कळतात आणि संध्याकाळपर्यंत तुमच्यासोबत तेच राहतात. म्हणून दुकानात कागदी पट्टीवर तीनच वास घ्या. त्यातला एक मनगटावर लावा आणि हरभट रोडवर बाकीची खरेदी उरकून या. आम्हाला घाई नाही. चौथ्या-पाचव्या वासानंतर नाक थकतं, तेव्हा स्वतःच्याच बाहीचा वास घ्या, पुन्हा ताळ्यावर येतं.

आता हिशेब. स्प्रेच्या एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं. म्हणजे २ मिलीच्या कुपीत वीसेक फवारे, रोज चार मारले तर पाच दिवस. एखादी १०० मिलीची बाटली ५,००० रुपयांची धरली, तर २ मिलीचा माल १०० रुपयांचा होतो. वर रिकामी कुपी आणि भरणावळ. सुट्यात मिलीचा दर थोडा चढाच पडतो, तरी पाच दिवस ऑफिसात, उन्हात, एसटीत वापरून मग ठरवता येतं. शंभर मिलीत मात्र हजार फवारे असतात. चार-पाच बाटल्या आलटून पालटून वापरणाऱ्याला ती संपवायला तीन वर्षं सहज लागतात. आम्ही मूळ बाटलीतून तुमच्यासमोर कुपी भरतो. कुठंही सुटं घेताना मूळ बाटली दाखवायला सांगाच.

अत्तराचं गणित वेगळं आहे. त्यात अल्कोहोल नसतं, म्हणून एक फाया किंवा काडीचा एक ठिपका दिवसभर पुरतो आणि ३ मिलीची कुपी महिनोन् महिने चालते. कन्नौजला आजही तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी घालून झाकण मातीनं लिंपतात. वाफ बांबूच्या नळीतून थंड पाण्यात ठेवलेल्या भपक्यात, म्हणजे दुसऱ्या भांड्यात, उतरते आणि तिथल्या चंदनतेलात मुरते. भाजलेल्या मातीवर हीच क्रिया केली की मातीचं अत्तर मिळतं, वळवाच्या पहिल्या सरीचा वास. आमच्या दुकानातली सगळ्यात लाडकी वस्तू हीच. एकदा हुंगून पाहाच, घेतलं नाहीत तरी चालेल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. खरं गुलाब अत्तर तोळाभर, म्हणजे जवळजवळ १२ ग्रॅम, तीनशे रुपयांत मिळत नाही. त्या दरात मिळतो तो कृत्रिम सुगंध. तो वाईट असतोच असं नाही. महागड्या परदेशी सेंटमध्येही कृत्रिम द्रव्यं भरपूर असतात. पण ‘शुद्ध’ म्हणून तो विकणं ही फसवणूक आहे. आमच्याकडे कुपीवर काय आहे ते विचारा, लिहून देऊ. कमी पैशांत खरं काही हवं असेल, तर गुलाबापेक्षा वाळा बघा.

आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात वाळा, मोगरा, केवडा, माती बरं वाटतं. हिना आणि ऊद थंडीसाठी ठेवा, भर दुपारी डोकं धरतं.

कुपी उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा गिझर असलेल्या न्हाणीत ठेवू नका. कपाटाचा अंधार उत्तम. हिना-ऊदाचे डाग पांढऱ्या सदऱ्यावरून निघत नाहीत, आणि पैठणीवर तर काहीच मारू नका, अंगाला लावा. नवीन वास आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघा. खाज सुटली तर धुऊन टाका. स्प्रेमधलं अल्कोहोल पेट घेतं, म्हणून समई किंवा गॅसजवळ फवारू नका.

रिकाम्या काचेच्या कुप्या परत आणा. धुऊन, वाळवून त्याच भरून देऊ, कुपीचे पैसे पुन्हा लागणार नाहीत.