पांढरी ॲबलोनी: आधी अंतर वाढलं, मग आजार आला

२०१९ च्या नोव्हेंबरात दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोच्या बाजूच्या समुद्रात, डायव्हर लोकांनी लॅबमध्ये वाढवलेली जवळपास ३,२०० पिल्लं तळाशी नेऊन ठेवली. पांढऱ्या ॲबलोनीची पिल्लं. वाचायला एकदम गोड बातमी, पण इथवर यायला किती वर्षं गेली आणि मध्ये काय काय घाण झाली ते कळल्याशिवाय ३,२०० हा आकडा मोठा की छोटा तेच समजत नाही, म्हणून जरा मागचं लिहितोय.

आधी ॲबलोनी म्हणजे काय ते. आपल्याकडच्या कालवं-तिसऱ्यांसारखी ही दोन शिंपल्यांची वस्तू नाही, ही गोगलगायीच्या खानदानातली. पाठीवर एकच कवच, माणसाच्या कानासारखं, कडेला ओळीने भोकं, आणि श्वासाचं पाणी, शी, अंडी सगळं त्या भोकांमधूनच बाहेर. कवच आतून मोरपिसासारखं चमकतं. खाली एकच दांडगा स्नायूचा पाय, त्याने ती खडकाला अशी धरून बसते की लोखंडी पट्टी घालून उचकटावी लागते. लोक खातात तो हा पाय. कॅलिफोर्नियात हिच्या सात जाती आहेत, त्यातली पांढरी सगळ्यात खोल राहणारी, साधारण २५ मीटरपासून ६० मीटरपर्यंत, आणि मांस सगळ्यात मऊ. खोल राहते म्हणून बरीच वर्षं वाचली आणि मऊ होती म्हणून सापडल्यावर वाचली नाही.

तिथली ॲबलोनीची मासेमारी १८५० च्या दशकात चिनी लोकांनी सुरू केली, ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या खडकांवरून. त्याआधी फरसाठी समुद्री ऑटर, म्हणजे पाणमांजरं, मारून जवळपास संपवले होते, आणि ऑटर म्हणजे ॲबलोनीचा मोठा शत्रू, त्यामुळे तेव्हा खडकांवर ॲबलोनी अक्षरशः थरावर थर होती. १८७९ पर्यंत वर्षाला अठरा लाख किलोच्या वर माल निघायला लागला. मग १९०० च्या सुमारास उथळ पाण्यातून काढायला बंदी आली, त्यात ॲबलोनीच्या काळजीपेक्षा चिनी लोकांवरचा राग जास्त होता असं मला तरी वाटतं, आणि त्या जागी जपानी डायव्हर आले, जे खोल जाऊ शकत होते. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर डायव्हिंगची साधनं सुधारली, हॉटेलांत ॲबलोनी स्टेक ही स्टाइलची गोष्ट झाली आणि १९५७ ला सगळ्या जाती मिळून चोवीस लाख किलोच्या आसपास माल निघाला.

आता इथे एक गंमत आहे, म्हणजे गंमत नाही पण त्या आकड्यांचा खेळ बघा. सरकारी नोंदीत पुढची बरीच वर्षं एकूण वजन ठीकठाकच दिसत होतं. पण आत काय चाललं होतं तर लाल कमी झाली की लोक गुलाबीकडे, गुलाबी कमी झाली की हिरवीकडे, हिरवी संपत आली की पांढरीकडे, आणि शेवटी काळीकडे. एका भिशीतून उचलून दुसऱ्या भिशीचा हप्ता भरणारा माणूस जसा बाहेरून व्यवस्थित दिसतो तसं. पांढरीचा नंबर लागला १९६९ च्या सुमारास. १९७२ ला एका वर्षात ६५ टन काढली आणि १९७७-७८ पर्यंत धंदा संपला पण. नऊ-दहा वर्षांत खेळ खलास. आणि कायद्याने पांढरीवर बंदी कधी आली? १९९६. १९९७ ला दक्षिणेतली सगळी ॲबलोनी मासेमारी बंद झाली. तोवर पांढरी ९९ टक्के गेली होती.

पण नियम नव्हते असं नाही हां. नियम होते, आणि तेव्हाच्या मानाने कडक. अमुक मापापेक्षा लहान ॲबलोनी काढायची नाही, काढलीच तर परत ठेवायची. कागदावर मस्त. पण ॲबलोनीचं रक्त गोठत नाही, आपल्यासारखी खपली धरत नाही, त्यामुळे माप बघायला पट्टीने उचकटली आणि पायाला चीर गेली की परत ठेवलेली पण बऱ्याचदा मरते. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते अंतराचं. ॲबलोनी जोडीने येत नाही. नर आपलं पाण्यात सोडतो, मादी आपलं पाण्यात सोडते, दोन्ही पाण्यातच भेटलं तर भेटलं. त्यासाठी दोघं काही मीटरच्या आत पाहिजेत. डायव्हर जिथे दाट दिसेल तिथून आधी काढणार ना, साहजिक आहे, त्यामुळे मागे जी उरली ती एकेकटी, विखुरलेली. कायदा कवचाची लांबी मोजत बसला आणि दोन ॲबलोनींमधलं अंतर कुणी मोजलंच नाही. म्हणजे हजार-दोन हजार जिवंत असूनसुद्धा पिल्लं शून्य. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीनंतर पांढरीची नवीन पिढी अशी धड आलीच नाही. १९९२-९३ मध्ये चॅनल आयलंड्स, म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरची बेटं, त्यांच्या आसपास जुन्या जागांवर तीस हजार चौरस मीटर तळ शोधला तेव्हा जिवंत सापडल्या तीन. तीन! आणि ही जात जगते ३५-४० वर्षं, म्हणजे जी उरली होती ती म्हातारी होत चालली होती.

म्हणून पकडून आणून लॅबमध्ये प्रजनन करायचं ठरलं. पण त्याआधी आजाराचं सांगायला लागेल कारण या गोष्टीतला खरा व्हिलन तोच.

१९८५ ला चॅनल आयलंड्सवर काळ्या ॲबलोनी खडकावरून सुटून पडायला लागल्या. पाय आक्रसलेला, सुकलेला, बोट लावलं तरी निघून येईल असा. आधी लोकांना वाटलं उपासमार, कारण १९८२-८३ चा जबरदस्त एल निनो येऊन गेला होता, पाणी गरम झालं होतं आणि केल्प, म्हणजे मोठं समुद्री शेवाळ, त्यांचं खाणं, मरून गेलं होतं. पटण्यासारखं होतं. पण खाणं परत आलं तरी मरणं थांबेना. १९८८ ला किनाऱ्यावर डियाब्लो कॅन्यनच्या अणुवीज प्रकल्पाजवळ पण तेच सुरू झालं, नेमकं जिथे प्रकल्पाचं गरम पाणी समुद्रात सोडतात त्या खाडीत. शेवटी कळलं की हे काम एका बॅक्टेरियाचं आहे, आणि २००० मध्ये संशोधक कॅरोलिन फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी त्याला नाव दिलं, झेनोहॅलिओटिस कॅलिफोर्निएन्सिस. हा पचनमार्गाच्या पेशींच्या आत घुसून बसतो. समोर केल्पचं ताट वाढलेलं असलं तरी पचतच नाही, मग शरीर स्वतःचा पाय खायला लागतं. म्हणजे उपासमार हा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता, फक्त उपास पोटाच्या आतून चालला होता. थंड पाण्यात हाच बॅक्टेरिया बरेचदा गप्प पडून असतो, ॲबलोनी ठणठणीत दिसते, पाणी तापलं की सुरू.

आता २००१. २९ मे २००१ ला पांढरी ॲबलोनी अमेरिकेच्या लुप्तप्राय प्रजातींच्या कायद्याखाली आली, समुद्रातल्या पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांमधली पहिलीच. देवमासे, कासवं यांच्या यादीत एक गोगलगाय. त्याच वर्षी पोर्ट ह्युनीम इथल्या हॅचरीत समुद्रातून आणलेल्या मोजक्या जनावरांनी अंडी घातली आणि लाखभर पिल्लं तयार झाली. लाखभर! लोकांना वाटलं झालं काम. आणि मग टाक्यांमध्ये तो आजार घुसला आणि बहुतेक सगळी गेली.

मी स्वतः घरी माशांचा टँक ठेवतो, गोड्या पाण्याचा, चार फुटी. एकदा दुकानातून आणलेले दोन मासे वेगळे न ठेवता सरळ आत सोडले आणि आठ दिवसांत अकरा मासे जाळीने काढले, तेव्हापासून नवीन मासा तीन आठवडे बादलीत. अकरा माशांनी मला जे शिकवलं ते त्यांना लाखभर पिल्लांनी शिकवलं असणार. दाट ठेवलेलं जनावर म्हणजे आजाराला आमंत्रण, आणि ॲबलोनीच्या बाबतीत पंचाईत अशी की विरळ ठेवून समुद्रात मेली आणि दाट ठेवून टाकीत मेली.

त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं काहीच जमलं नाही. जी जनावरं होती ती अंडीच सोडेनात. २०११ ला प्रोग्राम उत्तरेला बोडेगा मरीन लॅबकडे गेला, युसी डेव्हिस या विद्यापीठाची लॅब, आणि जागा निवडण्यामागे दोन कारणं महत्त्वाची होती. एक तर तिथलं पाणी थंड. दुसरं म्हणजे राज्याच्या मासेमारी-वन्यजीव खात्याची शेलफिशच्या आजारांची लॅब त्याच आवारात. म्हणजे नर्सरी आणि दवाखाना एकाच छताखाली, आणि माझ्या मते इथूनच गाडी रुळावर आली. पाणी यूव्हीखालून काढून मगच टाकीत. बाहेरून आलेलं जनावर आधी क्वारंटाइनमध्ये, ऑक्सिटेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचा डोस. आणि तपासणी कशी, तर शी गोळा करायची आणि तिची पीसीआर करायची. कोविडमध्ये आपल्या नाकात काडी घातली तशीच टेस्ट, फक्त सॅम्पल दुसऱ्या टोकाचं. कारण पोट फाडून बघायला जनावरं आहेतच किती, एक मारणं पण परवडत नाही.

आणि एक मला फार आवडलेली गोष्ट, कवचाचं मेण. ॲबलोनीच्या कवचात भोकं पाडून राहणारे बरेच किडे आहेत. त्यातला एक सॅबेलिड किडा तर दक्षिण आफ्रिकेतून आलेला, १९८० च्या दशकात ॲबलोनी फार्मवाल्यांनी तिथून ॲबलोनी मागवल्या त्यांच्याबरोबर फुकट. कवच पोखरलं गेलं की जनावर सगळी ताकद ते दुरुस्त करण्यात घालवतं, अंडी कधी करणार. तर बोडेगाला काय करतात, जनावर बाहेर काढून कवच घासून पुसून कोरडं करतात आणि त्यावर मधमाशांचं मेण आणि खोबरेल तेल वितळवून ब्रशने लावतात, भोकं सांभाळून. आतले किडे गुदमरतात. अणुवीज प्रकल्पापासून पीसीआरपर्यंत सगळं झालं आणि शेवटी औषध निघालं आजीच्या कपाटातलं 😄

अंडी घालायला लावायची पद्धत मात्र जुनी. १९७७ मध्ये सांता बार्बराच्या डॅनियल मोर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की पाण्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की ॲबलोनी अंडी सोडते. तेच हायड्रोजन पेरॉक्साइड जे मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळतं. त्या दिवशी आधी एकेकीचा पाय कडेने हळूच बाजूला करून बघतात, आत हिरवट दिसलं तर मादी, सायीसारखं दिसलं तर नर, आणि किती भरलंय त्यावरून निवड. मग प्रत्येकीला वेगळी बादली, औषध, आणि बसा वाट बघत. कधी कवचाच्या भोकांमधून हिरव्या अंड्यांचा धूर निघाल्यासारखं होतं, कधी दिवसभर काहीच नाही. अंडी आणि शुक्राणू पण मोजून मिसळायचे, जास्त पडले तर एका अंड्यात अनेक घुसून अंडं वाया.

२०१२ ला बोडेगाला पहिल्यांदा जमलं. वर्षभराने किती उरली? वीसच्या आसपास. हसू नका, दहा वर्षांच्या भोपळ्यानंतरचे वीस. पुढच्या वर्षी शंभरच्या वर, मग हजारांत. सगळ्यात जास्त मरतात ती सुरुवातीला, लार्वा, म्हणजे अंड्यातून निघालेला बारीक जीव, आठवडाभर तरंगून खाली बसतो तेव्हा. पृष्ठभागावर त्याच्या मापाच्या बारीक शेवाळाचा थर पाहिजे, नसेल तर संपलं. काही वर्षांतच अशी वेळ आली की समुद्रात असतील त्यापेक्षा जास्त पांढऱ्या ॲबलोनी टाक्यांमध्ये आहेत असं प्रोग्रामच्या तेव्हाच्या प्रमुख क्रिस्टिन ॲक्विलिनो वगैरे सांगायला लागले.

अजून एक अडचण होती, ही सगळी पिल्लावळ १९९९ नंतरच्या चार-पाच वर्षांत आणलेल्या दीड-दोन डझन जनावरांचीच. म्हणजे सगळी एकमेकांची भावंडं नाहीतर चुलत भावंडं. म्हणून २०१७ पासून समुद्रातून पुन्हा नवीन जनावरं आणायला सुरुवात केली, त्यातही अशी की जिच्या आसपास दुसरं कुणी नाही, तिथे राहून तिला तसंही पिल्लं होणार नव्हती. २०१९ ला अशाच एका जंगली मादीने एका बैठकीत २ कोटींच्या वर अंडी सोडली. खाली एकटीच बसलेली असती तर ती सगळी पाण्यात गेली असती.

आजाराच्या बाजूने एक अनपेक्षित मदत पण मिळाली. त्या बॅक्टेरियालाच धरणारा एक विषाणू सापडला, फाज म्हणतात तसा, आणि तो असला की आजार सौम्य होतो, असं काळ्या ॲबलोनीवर फ्रीडमन यांच्याच टीमने २०१४ मध्ये मांडलं. अर्थात पाणी असंच तापत राहिलं तर तो किती पुरणार हा वेगळाच विषय.

आणि मग ती २०१९ ची पिल्लं. सरळ सोडून दिली नाहीत, आधी तळाशी पिंजऱ्यासारख्या खोक्यांत ठेवली, जागेची सवय होईपर्यंत, मग खोकी उघडली. कारण खाली ऑक्टोपस टपलेलेच असतात. कवचांवर बारीक नंबर चिकटवलेले. ॲबलोनी दिवसा फटीत लपते त्यामुळे जिवंत शोधणं महाकठीण, डायव्हर तासन् तास टॉर्च मारत फिरतो आणि दोन-चार दिसतात. पण मेलेलीचं कवच उघड्यावर पडतं, ते सापडतं. म्हणून प्रत्येक फेरीत डायव्हर रिकामी कवचं पिशवीत भरून वर आणतात, नंबर वाचतात आणि तेवढे आकडे यादीतून खोडतात.