रिकाम्या ट्रॉलीचा अ‍ॅक्सल का तुटला?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात कापसाच्या हंगामात एका ट्रॉलीचा अ‍ॅक्सल तुटला. अ‍ॅक्सल म्हणजे चाकं जिच्यावर बसतात ती आडवी दांडी. जिनिंगवर कापूस उतरवून ट्रॉली परत येत होती. पांदण रस्त्यात चाकच निखळलं. सगळ्यांचा एकच प्रश्न होता: गिट्टी, सोयाबीनचे पोते वाहिले तेव्हा काही झालं नाही, मग रिकाम्या गाडीत कसा तुटला?

मी तुटलेला तुकडा हातात घेऊन पाहिला. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, काळपट. उन्हाळ्यात तलाव आटताना काठच्या गाळावर एकामागे एक रेषा राहतात, तशा वाकड्या रेषा त्यावर होत्या. उरलेला भाग चकचकीत, दाणेदार. त्या दिवशी तुटला तो फक्त हा दाणेदार भाग. बाकीचा तडा आधीपासून थोडा थोडा पुढे सरकत आला होता. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

या थकव्याचं पहिलं पद्धतशीर मोजमाप जर्मन रेल्वे इंजिनिअर ऑगस्ट व्होलर यांनी 1850 ते 1870 या काळात केलं. एकदा टाकलं तर लोखंडाला सहज पेलेल असं वजन लाखो वेळा टाकलं की ते तुटतं, आणि ताण जितका जास्त तितक्या कमी फेऱ्यांत तुटतं. वेल्डिंगच्या जोडात साधारण असं दिसतं की ताण दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्शावर येतं. म्हणून ट्रॉलीला वरून फळ्या लावून जास्तीचा माल भरणं मला फार महागाचं वाटतं.

रेल्वेचा अ‍ॅक्सल चाकासोबत फिरतो, त्यामुळे चाकाची एक फेरी म्हणजे ताणाची एक फेरी. ट्रॉलीचा अ‍ॅक्सल फिरत नाही, त्याला हादरे बसतात ते खड्ड्यांचे, दगडांचे, आणि कोणताच हादरा दुसऱ्यासारखा नसतो. मग हिशेब कसा लावायचा? स्वीडनचे पाल्मग्रेन यांनी 1924 मध्ये आणि अमेरिकेचे मायनर यांनी 1945 मध्ये सोपा मार्ग सांगितला. समजा, मोठा हादरा 50 हजार वेळा बसला की अ‍ॅक्सल तुटतो. त्यातले 25 हजार बसले, म्हणजे अर्धं आयुष्य गेलं. मधला हादरा 10 लाख वेळा सोसतो, 3 लाख बसले, 0.3 गेलं. बारीक हादरा 1 कोटी वेळा सोसतो, 20 लाख बसले, 0.2 गेलं. बेरीज 1 झाली की खेळ संपला.

पण मोठ्या खड्ड्यातून वर चढताना मध्येच एक दगड लागला, तर हादरे किती धरायचे? जपानच्या मात्सुइशी आणि एंडो यांनी 1968 मध्ये याला सुंदर उत्तर दिलं. ताणाचा आलेख उभा धरायचा. त्याचे चढउतार एकाखाली एक आलेल्या छपरांसारखे दिसतात. त्यांच्यासमोर पॅगोडा होता, आपण कवेलूचं छप्पर समजू. वरून पावसाचं पाणी सोडायचं आणि कोणती धार कुठे थांबते ते पाहायचं. दगडाचा छोटा हादरा वेगळा मोजला जातो, खड्ड्याचा मोठा हादरा अख्खा राहतो. आजही ही पद्धत संगणकावर सर्रास वापरतात.

मात्र ही बेरीज हादऱ्यांचा क्रम पाहत नाही. प्रयोगांत नमुने कधी 1 च्या बऱ्याच आधी तुटतात, कधी नंतर. ठरावीक मर्यादेखालचा ताण पोलादाला सहसा थकवत नाही. पण गिट्टीच्या खेपांनी एकदा तडा पाडला की तीच मर्यादा कामाची राहत नाही. मग रिकाम्या गाडीचे बारीक हादरेही तडा वाढवतात, आणि उरलेलं लोखंड पुरेसं राहिलं नाही की साधा खड्डाही भारी पडतो. आमच्या पांदणीत नेमकं हेच झालं असावं.

तडा बहुधा अ‍ॅक्सलची जाडी जिथे एकदम बदलते तिथे किंवा वेल्डिंगच्या कडेला सुरू होतो. तुटलेला अ‍ॅक्सल वेल्डिंग करून परत लावला, तर तो जोड थकव्याला मूळ दांडीइतका टिकत नाही. हंगामाआधी चाक काढून ती जागा ग्रीस पुसून स्वच्छ करा, रॉकेल लावा, थोडा वेळ थांबून कोरडी पुसा आणि वरून खडूची पूड घासा. तडा असेल तर त्यात मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली, काळपट रेघ उमटते.