शुगर असणाऱ्यांसाठी दळण : ग्राहकांसाठी माहिती

'शुगरवाल्यांचं पीठ द्या' अशी मागणी गिरणीवर रोज असते. खरं सांगायचं तर असं वेगळं पीठ नसतं. गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, काहीही दळा, 100 ग्रॅम पिठात साधारण 60 ते 75 ग्रॅम कर्बोदकं निघतातच.

म्हणून आधी वजन बघा. फुलक्याला 25 ग्रॅम पीठ लागतं, थापलेल्या भाकरीला 60 ते 70. दोन फुलके सोडून दोन भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच, मग दोष ज्वारीला. एकदा काट्यावर पीठ तोलून भाकरी थापा, म्हणजे हाताला अंदाज येतो.

पोळीसाठी 4 किलो गव्हाला 1 किलो हरभरे, सालासकट. प्रथिनं आणि चोथा दोन्ही वाढतात. हरभरे याहून जास्त घातले की लाटताना कडा फुटतात आणि पोळी गार झाल्यावर वातड होते. दळण जाडसर सांगा. जितकं बारीक पीठ, तितकं ते लवकर पचतं आणि साखर झपाट्याने चढते. घरी चाळून कोंडा टाकलात तर हा खटाटोप वाया.

नाचणीची भाकरी चांगली, पण पातळ पेज नको. बारीक पीठ, भरपूर पाण्यात शिजलेलं, चावायचं काही नाही, दोन मिनिटांत पोटात. नाचणी सत्व तर त्याहून वाईट, कारण चोथा आधीच गाळून गेलेला असतो.

बाजरी आठवड्यापुरतीच दळा, पीठ लवकर कडवट होतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, भाकरी थापताना तुटते. अशा वेळी अर्धं पीठ उकळत्या पाण्यात भिजवा. त्यात मैदा मिसळू नका.

जेवताना आधी कोशिंबीर, पालेभाजी, उसळ; भाकरी मागून, भात शेवटी आणि थोडा. मिसळ खायचीच तर मटकी जास्त घ्या, फरसाण कमी आणि पाव एकच. उपवासाला साबुदाणा टाळा, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च.

द्राक्षांच्या दिवसांत नाशिककरांच्या घरात पेटी येतेच. लहान 15 मणी, तेही मोजून वाटीत घेऊन. पेटीजवळ बसून मोजदाद राहत नाही. मनुका म्हणजे पाणी उडालेली द्राक्षंच, तिथे मूठभरही जास्त.

पीठ बदललं की पहिल्या घासापासून 2 तासांनी साखर तपासा. आपल्याला काय सोसतं ते त्यातूनच कळतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर भाकरी-भात कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, नाहीतर साखर एकदम खाली जाईल. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हरभऱ्याचं प्रमाणही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. घाम, थरथर, घाबरल्यासारखं वाटलं तर लगेच तपासा. साखर 70 च्या खाली असेल तर 3 चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा वेळी भाकरी कामाची नाही, ती फार उशिरा चढते.