जक्कूरचा तलाव आणि पुनर्वापराच्या पाण्याचा हिशेब

बंगळुरूच्या उत्तरेला जक्कूर तलावाच्या वरच्या अंगाला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, मूळ क्षमता रोज १ कोटी लिटर. त्यातून बाहेर पडणारं पाणी आधी सुमारे साडेचार हेक्टरच्या पाणथळीत उतरतं, पाणकणीस आणि जलपर्णीतून वाट काढतं आणि मग ४५ हेक्टरच्या तलावाला मिळतं. हा क्रम अगदी बरोबर आहे. तपासायचं असतं ते आकारमान. बहुतेक योजनांत जलाशयाचा आराखडा आधी पक्का होतो आणि उरलेल्या तुकड्यात पाणथळ बसवली जाते.

साधा गुणाकार करून पाहू. झाडोऱ्याच्या भागात पाणी ३० ते ४५ सेंटिमीटर ठेवतात. ४० धरलं आणि खोडं-पानांनी पाव जागा अडवली, तर एका चौरस मीटरवर ३०० लिटर पाणी मावतं. नायट्रेट, म्हणजे सांडपाण्यातल्या नायट्रोजनचं एक रूप, काढायला चार दिवसांचा मुक्काम हवा असेल, तर रोजच्या १ कोटी लिटरसाठी १३ हेक्टरांहून थोडी जास्त जागा लागते. साडेचार हेक्टरांत तेच पाणी जेमतेम दीड दिवस थांबेल. ढोबळ मानाने चार दिवसांत निम्म्याहून अधिक नायट्रेट जातं, दीड दिवसात पाव भाग गेला तरी पुष्कळ.

हे काम मुळांचं नसून मुख्यतः चिखलातल्या जिवाणूंचं. ऑक्सिजन नसलेल्या थरात ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू हवेत सोडतात. त्यांचं खाद्य म्हणजे कुजणारी पानं. म्हणून नवी पाणथळ पहिले एक-दोन हंगाम मंदच चालते, आणि तेव्हाच्या नमुन्यांवरून तिला नापास ठरवणं घाईचं होतं. केंद्रातून नायट्रोजन अमोनियाच्या रूपात आला तर मात्र या जिवाणूंचा उपयोग नाही, आधी त्याचं नायट्रेट व्हायला हवं. त्यासाठी मधे मधे, प्रवाहाला आडवे, सव्वा ते दीड मीटर खोल उघड्या पाण्याचे पट्टे ठेवायचे. तिथे ऊन-वारा लागून ऑक्सिजन मिसळतो. शिवाय एकाच चरातून धावत सुटलेलं पाणी या पट्ट्यात पुन्हा रुंदीभर पसरतं.

अमोनियाकडे दुर्लक्ष केलं की मासे मरतात, आणि तेही पाण्याचा अहवाल ठीकठाक असताना. सकाळी पाण्याचा सामू (पीएच) ७ असेल तर २५ अंश तापमानाला एकूण अमोनियाचा अर्धा टक्का विषारी रूपात असतो. दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, सामू ९ वर जातो आणि तोच वाटा ३५ टक्क्यांच्या घरात पोचतो. नमुना सकाळी दहाला घेतला तर यातलं काहीच दिसत नाही. दुपारी तीनलाही घ्यावा.

फॉस्फरसची गोष्ट वेगळी. तो वायू होऊन उडून जात नाही, फक्त गाळात साठतो. पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम असेल तर १ कोटी लिटरमधून रोज ३० किलो, वर्षाला ११ टन. पाणकणीस कापून नेलं की फॉस्फरस निघतो, असं सर्रास सांगितलं जातं. हेक्टरी २० टन वाळका पाला निघाला आणि त्यात पाव टक्का फॉस्फरस असला, तर हाती येतात ५० किलो. तेरा हेक्टर कापले तरी साडेसहाशे किलो! तलाव हिरवा व्हायला लिटरला ०.०३ मिलिग्रॅमही पुरतं. तेव्हा फॉस्फरस केंद्रातच तुरटीने बसवावा लागतो: ३० किलोंसाठी रोज साधारण अर्धा टन तुरटी, आणि तिच्यामुळे वाढणाऱ्या गाळाची सोय. कापणी करावी ती पाण्याची वाट मोकळी राहावी म्हणून.

आता पुनर्वापराच्या पाण्याची साठवण. सांडपाणी बारा महिने सारखंच येतं, मागणी मात्र पावसाळ्यात घटते. चार महिने रोज ३० लाख लिटरच उचललं गेलं, तर उरलेले ७० लाख गुणिले १२० दिवस म्हणजे ८.४ लाख घनमीटर साठवण हवी. पाच मीटर खोलीला तिचा पसारा १७ हेक्टर होतो आणि दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवनाने रोज साडेआठ लाख लिटर उडतात. खोली दुप्पट केली तर हा तोटा निम्मा होतो. पण खोल पाण्यात उन्हाळ्यात वर कोमट, खाली थंड असे न मिसळणारे थर पडतात: तळचा ऑक्सिजन संपतो आणि गाळ धरून ठेवलेला फॉस्फरस, लोह, मँगनीज परत सोडतो. तळाशी भोकं पाडलेल्या नळ्यांतून हवा सोडतात ती याचसाठी. कॉम्प्रेसर फेब्रुवारीतच, थर पडण्याआधी सुरू करावा. एप्रिलमध्ये सुरू केला तर तळची सगळी घाण वर येते.

पाणथळीचे किमान दोन समांतर वाफे हवेत, म्हणजे गाळ काढायला किंवा डासांचं चक्र तोडायला एक कोरडा ठेवता येतो. बाहेर पडणाऱ्या तोंडाशी फळ्या बसवलेल्या असाव्यात, एकेक काढून पातळी १० सेंटिमीटरने खाली-वर करता येते. पावसाळी नाला पाणथळीत सोडूच नये, त्याला बाजूने स्वतंत्र वाट द्यावी. जक्कूरलाही नाल्यातून न शुद्ध केलेलं सांडपाणी येत असल्याची नोंद अभ्यासकांनी केली आहे. अशा पाण्याचा भार कोणत्याच हिशेबात धरलेला नसतो.

उपशाची तोंडं तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर ठेवावीत: सर्वांत वरचं पृष्ठभागाच्या दोन मीटर खाली, म्हणजे शेवाळाची साय ओढली जात नाही, सर्वांत खालचं गाळापासून दीड मीटर वर. पाणी ठिबकला जाणार असेल तर पुढे १३० मायक्रॉनची डिस्क गाळणी बसवावी. तलाव हिरवा असताना ती दिवसातून अनेकदा तुंबते, म्हणून आपोआप उलट धुतली जाणारीच घ्यावी.