एअर फ्रायरची स्वच्छता आणि निगा

गरम हवा वेगाने फिरवून थोड्या तेलात पदार्थ कुरकुरीत करणाऱ्या घरगुती विद्युत उपकरणाची साफसफाई आणि देखभाल. बास्केट, तिच्याखालचा ड्रॉवर, आतल्या भिंती, वरची तापणारी कॉइल, पंख्यासमोरची जाळी आणि मागची हवा बाहेर टाकणारी छिद्रे हे सगळे भाग त्यात येतात. पदार्थातून सुटलेले ताजे तेल गरम पाण्याने आणि साबणाने सहज निघते. तेच तेल पुन्हा पुन्हा तापले की त्याचे किटण होते आणि ते खरवडून काढताना उपकरणालाच इजा पोहोचते. निगेचे बहुतेक नियम एवढ्या एका गोष्टीवर उभे आहेत.

रचना

आज घरोघरी दिसणारे एअर फ्रायरचे रूप फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या आयएफए या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या प्रदर्शनात लोकांसमोर आणले. त्याच्या मूळ कल्पनेचे श्रेय नेदरलँड्सच्या फ्रेड व्हॅन डर वे यांना दिले जाते. खरे पाहता ही पंखा बसवलेली छोटी विजेची भट्टीच असते. वरच्या बाजूला वाटोळी कॉइल आणि तिच्यावर पंखा असतो. कॉइलजवळ तापलेली हवा पंखा ड्रॉवरमध्ये ढकलतो. ती बास्केटच्या जाळीच्या भोकांतून पदार्थाभोवती फिरते आणि पुन्हा वर ओढली जाते. तापमान साधारण ८० ते २०० अंश सेल्सियस ठेवता येते. ओव्हनसारखे दार असलेल्या काही उपकरणांत ते याहून थोडे जास्त जाते.

हवेचा हा फेरा लक्षात घेतला की घाण कुठे साठते ते आपोआप कळते. जड थेंब खाली ड्रॉवरच्या तळाशी गळतात आणि डोळ्यांना दिसतात. बारीक तुषार मात्र हवेबरोबर वर जातात व कॉइल, तिच्यामागचे पत्र्याचे छत आणि पंख्याची जाळी यांवर बसतात. ड्रॉवर ओढून बास्केट धुणाऱ्याच्या नजरेला हा भाग पडतच नाही. त्यामुळे महिनोन्महिने लखलखीत बास्केट असलेल्या एअर फ्रायरचेही छत काळेकुट्ट असू शकते.

किटण कसे बनते

खाद्यतेल आणि चरबी हे प्रामुख्याने ट्रायग्लिसराइड या प्रकारचे रेणू असतात. पातळ थरात पसरलेले तेल उष्णता आणि हवा यांच्या संपर्कात आले की त्यातील असंतृप्त मेदाम्ले ऑक्सिजनशी संयोग पावतात, शेजारचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि द्रव तेलाचे हळूहळू घट्ट बहुवारिक (पॉलिमर) बनते. आधी पिवळसर चिकट डाग दिसतात, मग ते तपकिरी आणि मेणचट होतात आणि शेवटी काळे, टणक, नखाने न निघणारे होतात. सूर्यफूल, सोयाबीन, जवस अशा असंतृप्त मेदाम्ले जास्त असलेल्या तेलांत ही क्रिया लवकर घडते. लोखंडी तवा वापरून वापरून काळा आणि गुळगुळीत होतो तोही याच क्रियेमुळे. तव्यावर तो थर हवासा असतो, कारण तोच पदार्थ चिकटू देत नाही. नॉनस्टिक बास्केटवर मात्र तो मूळ गुळगुळीत थर झाकून टाकतो आणि पदार्थ चिकटायला लागतात.

साबणाचे काम तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगते ठेवण्याचे आहे. जोवर तेल तेल असते तोवर साबण पुरेसा असतो. एकदा रेणूंचे जाळे विणले गेले की साबणाला पकडायला सुटा रेणूच उरत नाही आणि कितीही फेस केला तरी डाग जागेवर राहतो. ‘आता कंटाळा आला, दोन-तीनदा वापरून एकदमच धुऊ’ हा विचार म्हणूनच महागात पडतो. दुसऱ्या वेळी उपकरण तापते तेव्हा आधीच्या वेळचे तेल भाजून पक्के होते.

प्रत्येक वापरानंतर

प्लग काढून उपकरण निवू द्यावे. बास्केट कोमट असताना तेल अजून पातळ असते आणि धुण्यासाठी हीच वेळ सर्वांत चांगली. मात्र तापलेली बास्केट थेट नळाखाली धरू नये. अचानक थंड झालेला पत्रा वाकडा होतो आणि वारंवार असे केल्यास नॉनस्टिक थर धातूपासून सुटू लागतो. ड्रॉवरमध्ये साठलेले तेल आधी कागदाने टिपून कचऱ्यात टाकावे. ते मोरीत ओतल्यास थंड होऊन नळीत गोठते. गुरे-मेंढ्यांची चरबी साधारण ४० ते ५० अंशांना वितळते, त्यामुळे मांस भाजल्यानंतर थंड पाण्याने घासण्यात अर्थ नसतो. चरबी फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकते.

त्यानंतर गरम पाणी, भांडी घासायचा द्रव साबण आणि मऊ स्पंज एवढे पुरते. जाळीच्या भोकांत अडकलेला चुरा काढायला जुना दात घासायचा ब्रश किंवा लाकडी काडी चालते. सुरी किंवा काट्याचे टोक वापरू नये. तारेची घासणी आणि खरखरीत हिरवी घासणी या दोन्हींना नॉनस्टिक थरापासून दूर ठेवावे. मुख्य यंत्राच्या आत दिसणाऱ्या भिंती ओलसर, नीट पिळलेल्या फडक्याने पुसाव्यात. यंत्र स्वतः कधीही पाण्यात बुडवू नये किंवा वाहत्या पाण्याखाली धरू नये. सगळे भाग पूर्ण कोरडे झाल्यावरच परत बसवावेत. ओली बास्केट बंद ड्रॉवरमध्ये राहिली तर कोंदट वास येतो आणि तारेच्या रॅकवर किंवा स्क्रूंवर गंज धरतो.

बास्केटच्या जाळीच्या कडेला बसवलेल्या छोट्या सिलिकॉनच्या बोंडांकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. ती जाळीला ड्रॉवरच्या पृष्ठभागापासून किंचित अंतरावर ठेवतात. धुताना एखादे निघून पडले तर धातू धातूवर घासतो आणि ओरखड्यांची सुरुवात तिथूनच होते. धुऊन झाल्यावर ती सगळी जागेवर आहेत ना, हे बघावे. सैल झालेले बोंड पदार्थात पडण्याचाही धोका असतो.

चिवट डागांवर सोडा

किटण नुकतेच धरू लागले असेल तर खाण्याचा सोडा सर्वांत सुरक्षित. सोडा आणि थोडे पाणी यांची लापशीसारखी दाट पेस्ट करून डागांवर लावावी, वीस-तीस मिनिटे ठेवावी आणि मऊ ब्रशने गोल फिरवत काढावी. सोडा सौम्य अल्कली आहे, त्यामुळे मेदाम्लांना तो थोडे सैल करतो. त्याचे कण मऊ असल्याने ते डाग घासतात, पण खालचा थर फारसा खरवडत नाहीत. ड्रॉवरच्या तळाशी चिकटलेल्या करपणाला गरम पाणी आणि चमचाभर सोडा घालून भिजत ठेवणे सोयीचे पडते. रात्रभर भिजवण्याचा मोह मात्र टाळावा. उघडे अॅल्युमिनियम अल्कलीत फार वेळ राहिले की काळपट पडते आणि तो काळेपणा घासून जात नाही.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून उठणाऱ्या फेसाकडे लोक मोठ्या विश्वासाने बघतात. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो. आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे उरते ते सोडियम अॅसिटेट मिसळलेले पाणी, ज्याला ना सोड्याचा गुण ना व्हिनेगरचा. फेसाच्या हालचालीने सुटा चुरा थोडा उचलला जातो, पण किटणावर त्याचा काही परिणाम होत नाही. दोन्ही वेगवेगळे वापरावेत, तेलकट थरासाठी सोडा आणि पाण्यातील क्षारांच्या पांढऱ्या डागांसाठी किंवा माशाच्या वासासाठी व्हिनेगर अथवा लिंबू. माशाचा वास मुख्यतः अमाइन या अल्कलीधर्मी संयुगांमुळे येतो. आम्लाशी संयोग झाला की ती उडून नाकापर्यंत पोहोचत नाहीत.

ओव्हन साफ करण्याची जी तीव्र द्रावणे मिळतात त्यांतील अनेकांत कॉस्टिक सोडा हा तीव्र अल्कली असतो. तो किटण खरोखर विरघळवतो, पण त्याबरोबर अॅल्युमिनियमही खातो आणि नॉनस्टिक थर खराब करतो. बंदिस्त छोट्या जागेत त्याचा अंश राहून गेल्यास पुढच्या वेळी गरम हवेबरोबर तो अन्नापर्यंत जाऊ शकतो. एअर फ्रायरसाठी ही द्रावणे वापरूच नयेत.

कॉइल आणि पंख्याची जाळी

महिन्यातून एकदा, तेलकट पदार्थ वारंवार होत असतील तर त्याहून लवकर, वरचा भाग तपासावा. प्लग काढलेला हवा आणि कॉइल पूर्ण थंड हवी. ड्रॉवर बाहेर काढून मोबाइलच्या टॉर्चने आत वर पाहिले की स्थिती लगेच लक्षात येते. स्वच्छ कॉइल करडी, एकसारखी मंद दिसते. दुर्लक्षित कॉइलवर ठिपक्या-ठिपक्यांचे तपकिरी थेंब, मध्येच चिकटलेला ब्रेडचा चुरा आणि छताच्या पत्र्यावर मधासारखी चकाकी दिसते. बोट लावले तर ती चकाकी चिकट लागते. या अवस्थेत ती अजून काढता येण्यासारखी असते.

उपकरणासोबतच्या माहितीपुस्तिकेत मनाई नसेल तर उपकरण मऊ टॉवेलवर आडवे किंवा उलटे ठेवावे म्हणजे वरचा भाग समोर येतो आणि सुटलेला चुरा पंख्यात न पडता खाली गळतो. आधी कोरड्या मऊ ब्रशने चुरा झटकावा. मग साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॉइल आणि छत पुसावे, शेवटी साध्या ओलसर फडक्याने साबणाचा अंश काढावा. डाग हट्टी असतील तर सोड्याची पेस्ट ब्रशवर घेऊन लावावी. कॉइलवर काहीही फवारू नये. कॉइल वाकेल इतका जोरही देऊ नये.

पाण्याबद्दलच्या या सावधगिरीला ठोस कारण आहे. बहुतेक कॉइलमध्ये धातूच्या नळीच्या आत तापणारी तार असते आणि दोन्हींमधल्या जागेत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड घट्ट भरलेली असते. ही पूड उष्णता सहज जाऊ देते आणि वीज अडवते, पण ती ओलावा शोषणारी आहे. टोकांच्या सीलमधून पाणी आत गेले तर तिची वीज अडवण्याची क्षमता घटते, नळीच्या आवरणातून गळती प्रवाह वाहू लागतो आणि घरातील सुरक्षा स्विच पडतो. पुसून झाल्यावर उपकरण काही तास उघडे ठेवून वाळवावे आणि मग रिकामे दोन-तीन मिनिटे चालवावे. थोडासा वास आला तर घाबरण्याचे कारण नाही.

धूर

धूर हा घाणीचा सर्वांत स्पष्ट इशारा असतो. खूप चरबी असलेला पदार्थ भाजताना ड्रॉवरमध्ये गळलेली चरबी तापून पांढरा धूर निघतो. अशा वेळी तळाशी थोडे पाणी घालण्याची युक्ती उपयोगी पडते, पुस्तिकेत तशी परवानगी असल्यास. पदार्थ साधा असूनही धूर येत असेल तर कॉइलवर किंवा तळाशी जुने तेल आहे असे समजावे. काळा धूर म्हणजे काहीतरी जळत आहे. तेव्हा लगेच प्लग काढावा, धूर थांबेपर्यंत ड्रॉवर उघडू नये, कारण उघडताच आत ताजा ऑक्सिजन जातो. पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नये.

जळण्याचे एक नेहमीचे कारण कागद आहे. बेकिंगचा कागद पदार्थाच्या वजनाखाली दबलेला असेल तर ठीक. रिकाम्या बास्केटमध्ये तो घालून उपकरण आधी तापवायला लावले तर पंख्याच्या झोताने तो उडून कॉइलला चिकटतो. शिवाय संपूर्ण तळ झाकणारा कागद हवेचा मार्गच बंद करतो. भोके पाडलेला आणि बास्केटपेक्षा लहान कापलेला कागद वापरल्यास धुणे कमी होते आणि पदार्थही नीट भाजला जातो.

नॉनस्टिक थराची काळजी

बहुतेक बास्केटवर पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन (टेफ्लॉन) या बहुवारिकाचा थर असतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये अपघाताने सापडलेले हे बहुवारिक ३२७ अंशांना वितळते आणि २६० अंशांच्या वर गेल्यावर हळूहळू विघटित होऊ लागते. २०० अंशांपर्यंतच्या नेहमीच्या वापरात ही मर्यादा ओलांडली जात नाही. अतितापलेल्या थरातून निघणारा धूर पाळीव पक्ष्यांना मारक ठरतो, म्हणून घरात पक्षी असल्यास उपकरण त्यांच्या खोलीत ठेवू नये. काही बास्केटवर सिलिकावर आधारलेला, सिरॅमिक म्हणून ओळखला जाणारा थर असतो. तो उष्णता जास्त सोसतो, पण त्याचा निसरडेपणा सहसा लवकर कमी होतो.

दोन्ही थरांचा खरा शत्रू ओरखडा. धातूचे चिमटे, एकावर एक रचून ठेवलेली भांडी आणि खरखरीत घासणी यांनी जितके नुकसान होते तितके उष्णतेने होत नाही. डब्यातून फवारायचे तेल हेही एक कारण. अशा फवाऱ्यांत बहुधा लेसिथिन हा मेदयुक्त पदार्थ असतो आणि तो तापल्यावर डिंकासारखा चिवट थर धरतो. साध्या पंपाच्या बाटलीत भरलेले तेल किंवा पदार्थालाच हाताने चोळलेले तेल बरे. डिशवॉशरमध्ये बास्केट चालते असे लिहिलेले असले तरी त्यातील साबण तीव्र अल्कलीचा असतो आणि पाणी फार गरम असते. हाताने धुतलेली बास्केट जास्त टिकते, आणि हाताने धुवायला तिला फार वेळही लागत नाही.

थर सोलून तुकडे पडू लागले तर बास्केट बदलावी. गिळले गेलेले लहान कण शरीरात न विरघळता बाहेर जातात, पण उघडा पडलेला धातू अन्नाला लागतो, तिथे सगळे चिकटते आणि थर आणखी वेगाने सुटतो. अनेक उत्पादक बास्केट, जाळी आणि सिलिकॉनची बोंडे सुटी विकतात, त्यामुळे पूर्ण उपकरण टाकून देण्याची गरज नसते.

जागा आणि विजेचे भाग

उपकरणाच्या मागे आणि वर हवा खेळण्यासाठी साधारण १० ते १५ सेंटीमीटर जागा मोकळी हवी. मागची छिद्रे कोरड्या ब्रशने अधूनमधून झाडावीत. तेलकट वाफेवर धूळ बसून ती बुजली की गरम हवा कोंडते, सुरक्षेसाठी बसवलेला उष्णता फ्यूज उडतो आणि उपकरण बंद पडते. ड्रॉवर पूर्ण आत गेल्याशिवाय यंत्र सुरू होऊ नये म्हणून आत एक छोटा स्विच असतो. ड्रॉवरच्या कडेला किटण साठले की तो दाबला जात नाही आणि चांगले यंत्र बिघडल्यासारखे वाटते. दुरुस्तीला नेण्याआधी ही कड पुसून बघावी. १,४०० ते १,७०० वॅट ओढणारे हे उपकरण हलक्या एक्स्टेन्शन वायरवर चालवू नये. वायर किंवा प्लग हाताला गरम लागत असेल, पंखा घरघरत असेल किंवा पुसून वाळवल्यानंतरही सुरक्षा स्विच पडत असेल तर घरी कव्हर न उघडता जाणकार तंत्रज्ञाकडे द्यावे.