दोन थिओडोरिक: तिरळा कोण आणि थोर कोण?

इ.स. ४७० नंतरचा पूर्व रोमचा इतिहास वाचताना माझा हमखास घोळ व्हायचा. थिओडोरिक नावाचा गॉथ (एक जर्मानिक जमात) सरदार कॉन्स्टँटिनोपलशी लढतोय, आणि चार ओळींनंतर थिओडोरिकच सम्राटाच्या बाजूने थिओडोरिकवर चालून जातोय! छपाईची चूक नव्हे, माणसंच दोन. दोघेही गॉथांचे राजे, आणि रोमचं सेनापतिपदही दोघांकडे आलटून पालटून. (व्हिसिगॉथ या गॉथांच्या दुसऱ्या शाखेचे दोन थिओडोरिक आणखी वेगळे, पण ते ४६६ पर्यंत संपले.)

पहिला ट्रायारियसचा मुलगा. याचं टोपणनाव स्ट्राबो, म्हणजे तिरळा. थ्रेसमधले, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या पश्चिमेकडच्या प्रदेशातले, त्याचे गॉथ साम्राज्याच्या नोकरीत मुरलेले, आणि दरबारातला बडा सेनापती आस्पार त्याचा सोयरा. ४७१ मध्ये सम्राट लिओने आस्पारचा काटा काढला तेव्हा स्ट्राबोने बंड केलं आणि ४७३ मध्ये वर्षाला २,००० पौंड सोनं कबूल करून घेतलं.

दुसरा अमल घराण्यातला, थिओडेमिरचा मुलगा; त्याला इथे नुसतं ‘अमल’ म्हणतो. पुढे इटलीवर राज्य करून ‘थोर’ म्हणवला गेलेला तो हाच. लहानपणी दहा वर्षं कॉन्स्टँटिनोपलला ओलीस होता. त्याचे लोक पॅनोनियातून, आजच्या हंगेरीच्या बाजूने आलेले. माझ्या मते खरा फरक इथेच आहे: तिरळ्याला गेलेलं स्थान परत हवं होतं, अमलला ते अजून मिळवायचं होतं.

सम्राट झिनोने दोघांना झुंजवलं. ४७८ मध्ये त्याने अमलला स्ट्राबोवर धाडलं. वाटेत रोमन फौजा येऊन मिळतील, असा शब्द दिला होता. एकही आली नाही. समोर उभा होता तो स्ट्राबो, सोंडिस डोंगरावर पक्की जागा धरून. त्याच काळातला इतिहासकार माल्खस सांगतो की स्ट्राबो घोड्यावरून अमलच्या तळाजवळ यायचा आणि ओरडायचा: तुझ्यामागे निघाले तेव्हा यांच्याकडे दोन-दोन, तीन-तीन घोडे होते ना? मग आता गुलामांसारखे पायी का चाललेत? सोनं मापाने मोजून घेणार होते ना? हे ऐकून तळावरचे बायका-पुरुष आपल्याच राजाच्या मागे लागले, समेट कर म्हणून. शेवटी मध्ये नदी ठेवून बोलणी झाली.

झिनोने लगेच पारडं फिरवलं. सेनापतिपद आणि १३,००० माणसांचा पगार आता स्ट्राबोला.

तोही फार दिवस टिकला नाही. ४८१ मध्ये ग्रीसकडे कूच करताना बिथरलेल्या घोड्याने त्याला तंबूजवळच्या भाल्यावर फेकलं. त्यात तो गेला. म्हणून ४८१ नंतर नुसतं ‘थिओडोरिक’ दिसलं तर डोळे मिटून अमल समजावा; त्याआधी मात्र बापाचं नाव बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्ट्राबोचा मुलगा रेकिटॅक याला ४८४ मध्ये अमलने झिनोच्या चिथावणीने मारलं आणि थ्रेसचे बरेचसे गॉथ अमलला येऊन मिळाले. ४८८ मध्ये इटलीकडे निघालेल्या ज्या लोकांना आपण ऑस्ट्रोगॉथ म्हणतो, त्यांच्यात तिरळ्याची माणसंही होती.