वीस किलोचा दगड उलटा का वळतो?

टेबलावर स्टीलचा पेला पालथा घाला आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गिरकी देत पुढे सरकवा. तो डावीकडे वळेल. सरकताना भार पुढच्या कडेवर जास्त पडतो, म्हणून तिथलं घर्षणही जास्त. ती कड उजवीकडे फिरत असल्याने घर्षण तिला डावीकडे रेटतं. कर्लिंग या खेळात बर्फावरून दगड सरकवत नेमक्या जागी थांबवायचा असतो. तो दगड असाच फिरवत सोडला, तर वळतो उजवीकडे!

हा ग्रॅनाइटचा दगड सुमारे 20 किलोचा. ऑलिंपिकमधले दगड स्कॉटलंडजवळच्या आयल्सा क्रेग बेटावरच्या खडकातून घडवलेले असतात. तळ खोलगट, त्यामुळे बर्फाला टेकते ती काही मिलिमीटर रुंदीची गोल पट्टीच. बर्फावरही आधी पाणी शिंपडून बारीक पुटकुळ्या गोठवलेल्या असतात.

दगड उलटा का वळतो, यावर शास्त्रज्ञ 1920च्या दशकापासून डोकं खाजवत आहेत. कुणी म्हणतं, पुढच्या कडेखाली बर्फ किंचित वितळतो. कुणी दगडामुळे बर्फावर पडणाऱ्या ओरखड्यांना श्रेय देतं. जपानच्या जिरो मुराता यांनी 2022 मध्ये दगडांच्या हालचाली बारकाईने मोजून वेगळं उत्तर दिलं. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणाऱ्या दगडाची उजवी बाजू बर्फाच्या तुलनेत हळू सरकते. बर्फावर वेग कमी तर घर्षण जास्त, त्यामुळे ती बाजू अडखळते आणि दगड तिच्याभोवती वळतो. मला हे पटतं, पण वाद मिटलेला नाही.

दगडापुढे झाडू घासणारे खेळाडू बर्फ थोडा गरम करून घर्षण घटवतात. दगड लांब आणि सरळ जातो. घाईत झाडू दगडाला चाटून गेला, तर तो नियमभंग; पण ते कळतं बहुधा घासणाऱ्यालाच. त्यानेच ते सांगायचं, हा हौशी क्लबांतला जुना रिवाज. तिथे पंच नसतोच. सामन्यानंतर जिंकलेले हरलेल्यांना पहिलं पेय पाजतात.

2015 मध्ये या सचोटीची वेगळीच परीक्षा झाली. नव्या खरखरीत कापडाचे झाडू बर्फावर असे ओरखडे काढू लागले की दगड हवा तसा वळवता येई. नेम चुकला तरी घासणारे तो सावरून घेत. तेव्हा अनेक अव्वल संघांनी, नियम येण्याआधीच, असे झाडू न वापरण्याचं आपसात ठरवलं. पुढच्या वर्षी कॅनडात शास्त्रज्ञ आणि खेळाडूंनी मिळून चाचण्या घेतल्या, आणि झाडूच्या कापडाला जागतिक मानक लागू झालं.